सोळानंतर कॉलेजला जायचं कसं? इंग्लंडमधल्या मराठी पालकांचे नेहमीचे प्रश्न

जीसीएसईच्या (साधारण सोळाव्या वर्षी होणाऱ्या शालेय) परीक्षा संपत आल्या की पालकांच्या ग्रुपवर कॉलेजच्या बसपासचे आणि प्रवासखर्चाचे हे प्रश्न सुरू होतात आणि ऑगस्टमध्ये रिझल्ट लागला की रांगच लागते. दरवेळी तेच तेच टाइप करण्यापेक्षा सगळं इथे एकत्र टाकतेय. हे फक्त इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड-वेल्सवाल्यांनी थेट प्रश्न २० बघा. आणि एक गोष्ट आधीच सांगते, इथे प्रत्येक कौन्सिलचं (स्थानिक प्रशासनाचं) आपलं वेगळं चालतं, त्यामुळे लेस्टरच्या मावशीला मिळालं म्हणजे तुम्हाला रेडिंगला मिळेलच असं अजिबात नाही.

१. मुलाला इयर ११ पर्यंत कौन्सिलची फुकट बस होती. आता सिक्स्थ फॉर्मला (पुढची दोन वर्षं, आपल्या अकरावी-बारावीसारखी) तीच चालू राहील ना?

नाही. आपोआप तर नाहीच. फुकट बसचा हक्क १९९६ च्या एज्युकेशन ॲक्टमधला आहे आणि तो ‘कम्पल्सरी स्कूल एज’ म्हणजे सक्तीच्या शालेय वयापुरता आहे. ज्या शैक्षणिक वर्षात मूल १६ चं होतं त्या वर्षीच्या जूनच्या शेवटच्या शुक्रवारी ते वय संपतं. त्याच शाळेत, त्याच बसमध्ये, त्याच ड्रायव्हरबरोबर जायचं असलं तरी सप्टेंबरपासून तो कायद्याच्या लेखी वेगळ्या खान्यात जातो. ३ मैलांपेक्षा लांब राहतो म्हणून पास मिळत होता हे आता पुरेसं नाही. नवा अर्ज करायचा, आणि बहुतेक ठिकाणी पैसेही भरायचे.

२. पण सरकारच म्हणतं की १८ पर्यंत शिकायलाच पाहिजे! मग न्यायचं कोणी?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आणि राग येण्यासारखाच आहे. २००८ च्या एज्युकेशन अँड स्किल्स ॲक्टने शिक्षणात राहायचं वय वाढवलं, २०१३ पासून १७ पर्यंत आणि २०१५ पासून १८ पर्यंत. पण ते करताना ‘सक्तीचं शालेय वय’ मात्र १६ वरच ठेवलं. म्हणजे शिकत राहायची जबाबदारी मुलावर आली, फुकट वाहतुकीची जबाबदारी काही त्याबरोबर पुढे सरकली नाही. माझ्या मते ही कायद्यातली सरळसरळ फट आहे, पण कौन्सिलच्या फोनवरच्या बाईंशी यावर भांडून काही होत नाही, त्यांच्या हातात ते नाही. त्यापेक्षा प्रश्न ३ मधलं वाचा, ते जास्त कामाचं आहे.

३. म्हणजे कौन्सिलवर काहीच बंधन नाही?

आहे. त्याच १९९६ च्या कायद्याच्या कलम ५०९एए प्रमाणे प्रत्येक कौन्सिलला दरवर्षी ३१ मेच्या आत पुढच्या शैक्षणिक वर्षासाठी एक ‘पोस्ट-१६ ट्रान्सपोर्ट पॉलिसी स्टेटमेंट’ जाहीर करावं लागतं. सिक्स्थ फॉर्मच्या वयाच्या मुलांना शिक्षणाला पोचता यावं म्हणून आम्हाला काय काय गरजेचं वाटतं आणि आम्ही काय करणार, हे त्यात लिहायचं असतं. मेख त्या ‘गरजेचं वाटतं’ मध्ये आहे. काय गरजेचं हे कौन्सिल ठरवते, म्हणून एकीकडे सवलतीचा पास असतो, दुसरीकडे फक्त कॉलेजच्या बर्सरीकडे (आर्थिक मदत, प्रश्न १०) बोट दाखवलेलं असतं.

पण मनाला येईल तसं ठरवता येत नाही. ठरवताना अंतर, लागणारा वेळ, खर्च, मुलांना कोर्स निवडायला खरंच वाव राहतो का, वाहतूक दिली नाही तर कोणाचं शिक्षण बंद पडेल का, धर्माच्या कारणाने पालकांनी एखादी संस्था निवडली आहे का, या सगळ्याचा विचार करावा लागतो. आणि स्टेटमेंट बनवताना मुलांना आणि पालकांना विचारावं लागतं, ही सल्लामसलत कायद्याने बंधनकारक आहे. अपील करताना (प्रश्न १८) हीच यादी हाताशी ठेवायची.

४. हे स्टेटमेंट सापडतं कुठे? आमच्या बरो कौन्सिलच्या साइटवर तर नाहीये.

कारण कदाचित ती चुकीची कौन्सिल असेल. जिथे दोन पातळ्यांच्या कौन्सिली आहेत तिथे कचरा आणि कौन्सिल टॅक्सचं बिल डिस्ट्रिक्ट किंवा बरो बघते आणि शिक्षण काऊंटी बघते. डार्टफर्डला राहणाऱ्याला बिल डार्टफर्ड बरोकडून येतं पण वाहतुकीसाठी केंट काऊंटी कौन्सिल. स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स, लेस्टर सिटी इथे एकच कौन्सिल सगळं बघते. लंडनमध्ये तुमची बरो.

सर्चमध्ये कौन्सिलचं नाव आणि ‘पोस्ट-१६ ट्रान्सपोर्ट’ टाका. उघडल्यावर पहिलं वर्ष तपासा, मागच्या वर्षीची पीडीएफ वर येते आणि लोक तीच वाचून बसतात. मग थेट चार गोष्टी शोधा: कोण पात्र, किती पैसे, शेवटची तारीख, नकार आला तर काय. बाकीची पहिली दोन-तीन पानं नुसती प्रस्तावना असते, ती सोडली तरी चालतं.

५. अर्ज रिझल्ट लागल्यावर केला तर चालतो का? कॉलेजच अजून पक्कं नाही.

चालतो असं वाटतं पण उशीर होतो. बऱ्याच कौन्सिलींची तारीख मे ते जुलैमध्ये कधीतरी असते, रिझल्ट ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात. उशिरा आलेले अर्ज नाकारत नाहीत पण बसमध्ये जागा राहिली तर देतात, आणि पास यायला ऑक्टोबर उजाडतो, तोवर रोजचं तिकीट खिशातून. जे कॉलेज सगळ्यात शक्य वाटतंय त्याच्यावर अर्ज टाकून ठेवा आणि बदललं तर कळवा, बहुतेक फॉर्ममध्ये तशी सोय असते.

अजून एक गंमत बघा, कॉलेजचे अर्ज इयर ११ च्या हिवाळ्यात भरायचे आणि वाहतुकीचं स्टेटमेंट येणार मेमध्ये. म्हणजे निवड आधी, माहिती नंतर. त्यामुळे ओपन इव्हिनिंगला जाताना चालू वर्षाचं स्टेटमेंट वाचून जा आणि कॉलेजवाल्यांना तिथेच विचारा की तुमची स्वतःची बस आहे का, कुठून सुटते, वर्षाचे किती घेता. बऱ्याच मोठ्या एफई (फर्दर एज्युकेशन, शाळेनंतरच्या शिक्षणाच्या) कॉलेजांच्या स्वतःच्या कोच असतात आणि कौन्सिलच्या पानावर त्याचा पत्ता पण नसतो.

६. आम्ही लंडनमध्ये, हॅरोला. आम्हाला काय करायचं?

तुम्ही नशीबवान. १६+ झिप ऑयस्टर फोटोकार्ड काढा. लंडनच्या बरोमध्ये राहणाऱ्यांना त्यावर बस आणि ट्राम फुकट, आणि ट्यूब, डीएलआर, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन आणि लंडनमधल्या बहुतेक रेल्वेवर मोठ्यांच्या अर्ध्या दरात. ११-१५ चं कार्ड आपोआप बदलून येत नाही, नवा ऑनलाइन अर्ज करावा लागतो आणि छोटी फी असते. फोटो नीट पार्श्वभूमीवर काढा, त्यावरूनच सगळ्यात जास्त अर्ज परत येतात असं ग्रुपवर दिसतं.

पोरं बसमध्ये दंगा करताना पकडली गेली तर हे कार्ड काढून घेऊ शकतात, तेवढं कानावर घालून ठेवा. आणि १८ नंतर फुल-टाइम शिकत असेल तर १८+ स्टुडंट ऑयस्टर आहे, त्यात ट्रॅव्हलकार्ड आणि बस-ट्राम पासवर ३० टक्के सूट मिळते, फुकट बस नाही.

७. आम्ही स्लावला राहतो, मुलीला ईलिंगला कॉलेज मिळालंय. लंडनचं झिप कार्ड चालेल?

फुकट बस लंडनच्या बरोमध्ये राहणाऱ्यांनाच, त्यामुळे तो भाग विसरा. शिवाय एलिझाबेथ लाइनवर वेस्ट ड्रेटनच्या पुढे पश्चिमेला ऑयस्टर चालतच नाही, स्लावच्या गेटवर फक्त कॉन्टॅक्टलेस किंवा तिकीट. तुमच्या कामाचं आहे ते नॅशनल रेल्वेचं १६-१७ सेव्हर. २०१९ पासून सुरू झालं, बहुतेक भाड्यांवर ५० टक्के सूट, सकाळच्या गर्दीच्या वेळी पण चालतं, आणि सीझन तिकिटावर सुद्धा. हे शेवटचं फार जणांना माहीत नसतं.

वर्षभर किंवा १८ वा वाढदिवस, जे आधी येईल तोवर ते चालतं. त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या मुलांना इयर १३ सुरू होता होताच ते हातातून जातं. त्यावर एक उपाय ग्रुपवर सगळे करतात, वाढदिवसाच्या आत सवलतीतलं सीझन तिकीट काढून ठेवायचं, पण तुमच्या ट्रेन कंपनीला आधी विचारून घ्या. नंतरचं १६-२५ रेलकार्ड हा काही तितका चांगला पर्याय नाही, एक तृतीयांशच सूट, सीझन तिकिटावर चालत नाही, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी ४.३० ते १० मध्ये किमान भाड्याची अट असते (जुलै-ऑगस्ट सोडून). कॉलेजला जायची वेळ नेमकी तीच.

८. मँचेस्टरला फुकट असतं म्हणतात, खरं का?

ग्रेटर मँचेस्टरमध्ये ‘अवर पास’ आहे, २०१९ पासून. १६ ते १८ वयाला ग्रेटर मँचेस्टरच्या आतल्या लोकल बस फुकट, कार्डाची फी १० पौंड. तिथे राहणाऱ्यांनाच मिळतं. बाकी मोठ्या शहरी भागांत सवलतीचे तरुणांचे पास आहेत, पण असं सगळं फुकट सगळीकडे नाही.

९. कौन्सिलचा वर्षाचा पास घ्यायचा की रोजचं तिकीट काढायचं? पास फार महाग वाटतोय.

आकडे मांडून बघा, नुसतं महाग वाटतंय म्हणून सोडू नका. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२५ पासून बसच्या एका फेरीला जास्तीत जास्त ३ पौंड अशी मर्यादा आहे, योजनेत असलेल्या बसेसवर. समजा मूल आठवड्यातून ४ दिवस जातं आणि एकच बस लागते. जायचे-यायचे ६ पौंड, आठवड्याचे २४, आणि ३८ आठवडे धरले तर वर्षाला ९१२ पौंड. वाटेत बस बदलावी लागली तर मर्यादा प्रत्येक बसला वेगळी, म्हणजे थेट १,८२४. आता पासची किंमत याच्या शेजारी ठेवा. बस कंपनीचं स्वतःचं १९ वर्षांखालचं तिकीट असेल तर तेही धरा, ते कधीकधी दोन्हीपेक्षा स्वस्त पडतं.

पण पैशापलीकडे दोन गोष्टी आहेत. केंटचा १६+ ट्रॅव्हल सेव्हर आहे तसा पास असेल तर तो पब्लिक बसवर चालतो, दिवसात कधीही जा. पण कौन्सिल जेव्हा शाळेच्या ठरावीक बसमधली रिकामी सीट विकते तेव्हा ती बस सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदाच. कॉलेजचं टाइमटेबल शाळेसारखं नसतं, मंगळवारी लेक्चर १२ ला संपतं आणि बस साडेतीनला. दुसरं म्हणजे ती रिकामी सीट तुमची कायमची नसते, उद्या सक्तीच्या वयाचं, हक्काचं मूल त्या रूटवर आलं तर तुमची सीट काढून घेता येते. नियमात ते लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात. गावाकडे एसटीच्या पासला असा पेच नव्हता, पास आहे म्हणजे चढा. इथे ते गृहीत धरू नका.

हप्त्याने पैसे भरायची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. मधेच पास सोडला तर परतावा किती मिळतो तेही आधीच विचारा.

१०. बर्सरी म्हणजे काय? त्यातून बसचे पैसे मिळतात?

मिळतात, आणि लोक अर्जच करत नाहीत. १६ ते १९ बर्सरी फंड हा सरकारचा पैसा आहे, पण तो वाटायचं काम तुमच्या कॉलेजचं किंवा सिक्स्थ फॉर्मचं, कौन्सिलचं नाही. दोन प्रकार. एक, ठरावीक गटांसाठी वर्षाला १,२०० पौंडांपर्यंत: केअरमध्ये (कौन्सिलच्या देखरेखीखाली) असलेली किंवा केअरमधून बाहेर पडलेली मुलं, स्वतःच्या नावावर युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नासाठीचा सरकारी भत्ता) घेणारी, किंवा स्वतःच्या नावावर अपंगत्वाचा भत्ता आणि त्याबरोबर युनिव्हर्सल क्रेडिट किंवा ईएसए (आजारपण-अपंगत्वामुळे काम न जमणाऱ्यांचा भत्ता) घेणारी. दुसरा प्रकार कॉलेजच्या मर्जीवरचा, घरचं उत्पन्न बघून. उत्पन्नाची रेषा प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवतं, म्हणून शाळेत फ्री मील नव्हतं म्हणजे हे पण नाही असं समजू नका.

रोख देतील असं नाही, बरेचदा थेट बसपासच काढून देतात. हजेरी कमी झाली तर थांबवतात. सप्टेंबरमध्येच अर्ज टाका, पैसा संपला की संपला.

११. आम्ही स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत, ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी बेनिफिट घेता येणार नाहीत) लिहिलंय. अर्ज केला तर व्हिसाला धोका?

ही भीती ग्रुपवर सगळ्यात जास्त आहे. इमिग्रेशनच्या नियमात ‘पब्लिक फंड्स’ची यादी दिलेली आहे, युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंगची मदत, पीआयपी (अपंगत्वाचा भत्ता) वगैरे. सरकारी शाळा-कॉलेजचं शिक्षण त्यात येत नाही. झिप कार्ड, १६-१७ सेव्हर, सगळ्यांना विकत मिळणारा कौन्सिलचा पास हे तर बेनिफिट नव्हेतच, बिनधास्त घ्या.

अडचण वेगळीकडे येते. कमी उत्पन्नाची सवलत देताना कौन्सिल ‘युनिव्हर्सल क्रेडिटचं पत्र जोडा’ म्हणते, आणि ते तर तुम्हाला घेताच येत नाही. अशा वेळी फॉर्म अर्धवट सोडू नका. पेस्लिप आणि पी६० (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला) जोडून स्पष्ट लिहा की व्हिसाच्या अटीमुळे बेनिफिट घेता येत नाही पण उत्पन्न एवढंच आहे, विचार करावा. बर्सरीसाठी वास्तव्याच्या अटी असतात, त्या कॉलेजचं ॲडमिशन ऑफिस बघून सांगतं. शंका राहिलीच तर इमिग्रेशनच्या नोंदणीकृत सल्लागाराला विचारा, ग्रुपवरच्या काकांना नको.

१२. मुलगा भारतातून दहावी करून आलाय. इयर १२ लाच जाणार ना? मग हे सगळं लागू?

जन्मतारीख बघा, दहावीचा निकाल नको. इथे वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट असं मोजतात. समजा जन्म ऑक्टोबर २००९ चा, मार्च २०२५ ला दहावी दिली आणि त्या उन्हाळ्यात इकडे आला. इथल्या हिशोबाने तो २०२५-२६ मध्ये इयर ११ चा, म्हणजे अजून सक्तीच्या वयातला. पालक वैतागतात की पोराचं वर्ष वाया जातंय, पण वाहतुकीपुरतं बघाल तर त्या वर्षी त्याला फुकट बसचा पूर्ण हक्क लागू होतो, बसत असेल त्या नियमात: ३ मैलांपेक्षा लांब आणि ती जवळची योग्य शाळा असेल तर, किंवा पायी जायचा रस्ता धोक्याचा असेल तर. जून २०२६ नंतर मग प्रश्न १ पासून सुरुवात.

१३. जवळच्या कॉलेजात तिला हवा तो कोर्स नाहीये, म्हणून लांबचं घेतलंय. कौन्सिल म्हणते जवळचं का नाही?

बऱ्याच कौन्सिली ‘जवळची योग्य संस्था’ हीच अट लावतात. सगळी मारामारी ‘योग्य’ वर. जवळच्या ठिकाणी तो कोर्सच नसेल, किंवा लेव्हल वेगळी असेल, तर लांबचं योग्य ठरू शकतं. पण ए-लेव्हलचे (सिक्स्थ फॉर्मच्या शेवटच्या परीक्षेचे) तीन विषय दोन्हीकडे आहेत आणि लांबच्या कॉलेजचा रिझल्ट चांगला आहे एवढंच कारण असेल तर पास मिळणं अवघड. ग्रामर स्कूलच्या (परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळेच्या) सिक्स्थ फॉर्मचं पण असंच, प्रवेश मिळाला म्हणजे बस मिळाली असं नाही.

काय करायचं: जवळच्या कॉलेजकडून एका ओळीचा ईमेल घ्या की हा कोर्स या वर्षी आमच्याकडे नाही, किंवा भरला. तो ईमेल अर्जाला जोडा. तोंडी सांगितलेलं कोणी धरत नाही.

१४. कॉलेज दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत आहे. अर्ज कुठे?

तुम्ही राहता त्या कौन्सिलकडे. कॉलेज कुठेही असो.

१५. मुलाला ऑटिझम आहे, ईएचसीपी (विशेष गरजा आणि त्यासाठीची मदत लिहिलेला कौन्सिलचा कायदेशीर आराखडा) आहे, आतापर्यंत टॅक्सी येत होती. १६ नंतर बंद होईल?

आपोआप चालू राहत नाही, हे आधी मनात पक्कं करा. ईएचसीपी असणं म्हणजे वाहतूक मंजूर असं १६ च्या आधीही नव्हतं आणि नंतर तर नाहीच. सिक्स्थ फॉर्मच्या वयाला दरवर्षी नवा अर्ज, आणि कौन्सिल घरच्यांकडून पैशाचा वाटा मागू शकते.

अर्जात डायग्नोसिस लिहून थांबू नका. प्रवास का जमत नाही ते लिहा, अगदी पायरी पायरीने. ‘बस उशिरा आली की तो स्टॉप सोडून रस्त्यावर येतो, बदललेला रूट नंबर समजत नाही, फोनवर बोलत नाही’, असं. त्याबरोबर शाळेचं पत्र, ओटीचा (ऑक्युपेशनल थेरपिस्टचा) किंवा सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट. आई-बाबांपैकी कोणी नेऊ शकत नसेल तर शिफ्टचं पत्रक जोडा, आपल्याकडचे एनएचएसमध्ये काम करणारे बरेच जण हे जोडायचं विसरतात.

प्रवास शिकवण्याची योजना, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेनिंग, सुचवली तर लगेच नाही म्हणू नका. ट्रेनर मुलाबरोबर आठवडे-आठवडे तोच रस्ता करतो आणि काही मुलांचं त्याने खरंच भलं होतं. पण ते झेपत नसेल तर तसं पुराव्यानिशी सांगायचा हक्क आहे.

आणि एक सापळा. ईएचसीपीमध्ये तुमच्या पसंतीची लांबची संस्था ‘पालक वाहतूक करतील’ या अटीवर लिहून घेतात. सही करायच्या आधी ते वाक्य वाचा, नंतर तेच तुमच्या समोर धरतात.

१६. टॅक्सीऐवजी कौन्सिल म्हणते पैसे घ्या आणि तुम्हीच न्या. हे चालतं का?

१६-१८ साठी असं धोरण ठेवता येतं. लेस्टरशायर काऊंटी कौन्सिलने विशेष गरजा असलेल्या या वयाच्या मुलांसाठी बहुतेक प्रकरणांत थेट वाहतुकीऐवजी ‘पर्सनल ट्रान्सपोर्ट बजेट’ आणलं, त्याला कोर्टात आव्हान दिलं गेलं आणि २०२० मध्ये कोर्ट ऑफ अपीलमध्ये कौन्सिल जिंकली. मला तो निकाल कडू वाटतो, पण तो आहे.

तरी तुमच्या केसमध्ये पैसे घेऊन सोय होतच नसेल, म्हणजे गाडी नाही, चालवणारं कोणी नाही, दिलेल्या रकमेत टॅक्सी येत नाही, तर टॅक्सीचं लेखी कोटेशन घेऊन अपवाद मागा. त्याच धोरणांत अपवादाचं कलम असतं.

१७. मुलगी १९ ची झाली पण कोर्स अजून चालू आहे. आता?

इथे दोन वेगळे रस्ते आहेत, गोंधळ इथेच होतो. कोर्स १९ च्या आधी सुरू केला असेल आणि तोच चालू असेल तर तो संपेपर्यंत ती ‘सिक्स्थ फॉर्मच्या वयाची’च धरली जाते, वरचंच सगळं लागू. बस कंपन्यांचे पास मात्र कायद्याचं बघत नाहीत, १९ व्या वाढदिवसाला बंद.

ईएचसीपी आहे आणि १९ नंतर नवा कोर्स सुरू केला तर २५ पर्यंत कलम ५०८एफ लागतं. त्यात कौन्सिलला वाहतूक गरजेची वाटली तर ती पूर्ण फुकट द्यावी लागते, वाटा मागता येत नाही. म्हणजे १७ व्या वर्षी पैसे भरलेत आणि १९ नंतर फुकट, विचित्र आहे पण असंच आहे. अजूनही बिल येत असेल तर या कलमाचा नंबर लिहून ईमेल करा.

ईएचसीपी नाही आणि १९ नंतर नवीन कोर्स: कौन्सिलकडे फारसं काही नाही, कॉलेजच्या लर्नर सपोर्टला विचारा.

१८. नकार आला. पुढे काय?

अपील करा, फुकट असतं. पद्धत त्याच स्टेटमेंटमध्ये लिहिलेली असते. बऱ्याच कौन्सिलींत दोन टप्पे: आधी वरिष्ठ अधिकारी कागद परत बघतो, मग एक पॅनल, तिथे तुम्हाला बोलता येतं. मुदत बहुतेक ठिकाणी नकाराच्या पत्रापासून २० वर्किंग डेज.

‘आम्हाला परवडत नाही, कृपया विचार करावा’ एवढंच लिहिलेलं अपील पडतंच. त्याऐवजी एका दिवसाचा प्रवास मांडा. उदाहरणार्थ: घरापासून स्टॉप २५ मिनिटं, रस्त्याला फूटपाथ नाही, पहिली बस ७.१०, पुढची ८.४०, लेक्चर ९ ला, दुसरी बस पकडायला ४ मिनिटं, चुकली तर तासभर थांबायचं, एकूण १ तास ५० मिनिटं. टाइमटेबलचा स्क्रीनशॉट जोडा. सेकंडरीच्या मुलांसाठी एका बाजूला ७५ मिनिटं हा सर्वसाधारण वाजवी आकडा धरतात, त्याच्याशी तुलना करा. मग त्यांच्याच धोरणातलं कुठलं वाक्य तुम्हाला लागू पडतं ते नंबरासकट लिहा, आणि नसेलच तर अपवाद का करावा ते प्रश्न ३ मधल्या मुद्द्यांवर बांधा.

तिथेही नाही झालं तर लोकल गव्हर्मेंट अँड सोशल केअर ओम्बड्समन, म्हणजे कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी बघणारे स्वतंत्र अधिकारी. तक्रार साधारण १२ महिन्यांच्या आत. ते ‘पास द्या’ असा निकाल देत नाहीत, निर्णय घेताना कौन्सिलची प्रक्रिया चुकली का ते बघतात. पुरावा वाचलाच नाही, कारण दिलं नाही, सरसकट धोरण लावलं, हे सापडलं तर परत निर्णय घ्यायला लावतात, कधी भरपाईही सुचवतात. आणि सेंड ट्रायब्युनलला (विशेष गरजांच्या शिक्षणाच्या वादांचं न्यायाधिकरण) वाहतुकीचा नकार नेता येत नाही, तिथे ईएचसीपीतला मजकूर आणि संस्था कोणती यावर अपील असतं, लोक उगाच चुकीच्या दारात महिने घालवतात.

१९. अप्रेंटिसशिप घेतली तर?

अप्रेंटिस म्हणजे काम करता करता शिकणारा नोकरदार, पगार मिळतो, म्हणून बऱ्याच योजनांत बसत नाही. स्टेटमेंटमध्ये त्यांच्याबद्दल वेगळी ओळ आहे का बघा. १६-१७ सेव्हर वयावर असल्याने चालतं. लंडनमध्ये अप्रेंटिस ऑयस्टर आहे. आणि मालकाला विचारा, काही जण देतात.

२०. आम्ही एडिनबराला शिफ्ट होतोय. हेच नियम?

अजिबात नाही. स्कॉटलंडमध्ये ३१ जानेवारी २०२२ पासून ५ ते २१ वयाच्या सगळ्यांना बस फुकट आहे, कार्ड काढायचं आणि चढायचं. शिवाय इंग्लंडने बंद केलेला ईएमए भत्ता (कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांना शिकताना मिळणारा) स्कॉटलंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये अजून आहे. वेल्सचा वाहतुकीचा कायदा वेगळा, २००८ चा, तिथल्या कौन्सिलला विचारा.

२१. इयर १२ चालू आहे आणि कौन्सिलने पुढच्या वर्षीपासून पास बंद करायचं कन्सल्टेशन काढलंय. थांबवता येतं का?

थांबवता येईलच असं नाही, पण गप्प बसू नका. तुमचं मत मागणं कायद्याने भाग आहे (प्रश्न ३) आणि आपली मंडळी असल्या ऑनलाइन फॉर्मकडे ढुंकून बघत नाहीत. ‘मी असहमत’ वर टिक करून सोडू नका, मोकळ्या रकान्यात लिहा: मूल दोन वर्षांच्या कोर्सच्या मध्यात आहे, कॉलेज निवडताना हा पास गृहीत धरला होता, म्हणून निदान आत्ता शिकणाऱ्यांना इयर १३ संपेपर्यंत जुन्याच नियमांवर ठेवा. ही मागणी पूर्ण विरोधापेक्षा मान्य व्हायची शक्यता जास्त. मुलाला स्वतःच्या नावाने वेगळा फॉर्म भरायला सांगा, त्याचं मत कायद्यात वेगळं मोजलंय. तुमच्या वॉर्डाच्या कौन्सिलरलाही ईमेल टाका, आणि कॉलेजला विचारा ते काय उत्तर पाठवतायत. फॉर्म भरल्यावर पोच म्हणून जी पीडीएफ येते ती जपून ठेवा, पुढे अपील करायची वेळ आली तर लागते.